डेल्समधली शेवटची संकष्टी

देवावर तुमचा विश्वास आहे का, असं कोणी विचारलं तर मी आजही जरा घुटमळतो. बायकोचा होता, आणि तो दोघांना पुरेल एवढा आहे असं मी संसारभर धरून चाललो. ती देवापुढे बसायची, मी हॉस्पिटलात ड्यूटीवर जायचो. आमच्या लेकीला मूल राहून राहून जात होतं, तेव्हा हिनं गणपतीला बोलून ठेवलं, की बाळ सुखरूप घरी आलं तर वर्षभर संकष्ट्या करीन. बाळ आलं. संकष्ट्या सुरू झाल्या, आणि वर्ष निम्म्यावर आलं तोच ही अंथरुणाला खिळली. शेवटी तिला घोर लागला होता तो एवढाच. "अहो, माझ्या राहिलेल्या संकष्ट्या तुम्ही कराल का हो? बोललेलं तसंच राहायला नको. बाळाचं आहे." मी पडलो डॉक्टर, उपवास म्हटला की मला आधी ॲसिडिटी आठवते. पण हो म्हणालो. त्यावर ती म्हणाली, "एरवी ढग असले तर वेळ झाली की नमस्कार करून जेवा. पण शेवटच्या संकष्टीला मात्र चंद्र डोळ्यांनी बघायचा. आणि नैवेद्य गोडाचा."

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. शेवटची संकष्टी ऐन ऑटममध्ये आली आणि मला मेडनहेडच्या घरात बसवेना. उपवास करायचा तर तिच्या ओट्यासमोर, तिच्या देवांसमोर करायचा, त्यापेक्षा कुठेतरी लांब जावं असं वाटलं. उत्तर इंग्लंडमधल्या डोंगरदऱ्या, यॉर्कशर डेल्स, बघायचं आमचं दोघांचं कितीतरी वर्षं ठरत होतं. लेक ब्रॅकनेलला असते, तिला फोनवर सांगितलं तर ती उखडलीच. "बाबा, आर यू सीरियस? फास्ट करून वॉकिंगला कोण जातं? आणि एकटे! तिकडे किती फॉग असतो, यू वोन्ट ईव्हन सी द मून!" तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी तरीही गेलो. हट्टीपणा हा आमच्या घरात एकट्या लेकीचाच नव्हता.

आधीचे दोन दिवस मी मनसोक्त हिंडलो आणि मनसोक्त खाल्लं. तिकडे फ्रूटकेकबरोबर चीजचा तुकडा खातात. पहिल्यांदा मला ते विचित्र वाटलं, दुसऱ्यांदा मी मागून घेतलं. डोंगरउतारांवरचे कुंपणाचे दगडी गडगे बघून तर मला थेट कोकणच आठवलं, फक्त आंब्यांच्या जागी मेंढ्या. प्रत्येक वळणावर वाटायचं, हिला हे दाखवायला हवं होतं. आणि मग मला तिचा रागही यायचा, की मला हे काम देऊन ही निघून गेली.

संकष्टीच्या दिवशी सकाळी लॉजच्या मालकिणीनं अंडी, सॉसेज, टोस्ट असा जंगी ब्रेकफास्ट मांडला. मी नुसता चहा घेतला. माझं पोट बिघडलं असणार असं ठरवून ती बिचारी दिवसभराची काळजी करायला लागली. दुपारी एका टीरूममध्ये जॅकेट पोटॅटो, म्हणजे सालासकट भाजलेला बटाटा, दिसला आणि जीव भांड्यात पडला. बटाटा आणि बटर, दोन्ही उपवासाला चालतं. पण समोर आला तो बटाटा बेक्ड बीन्सखाली पुरता गाडलेला. परत पाठवण्याचं धैर्य मला झालं नाही. तीस वर्षं या देशात काढली तरी तक्रार करायला माझी जीभ रेटत नाही. पैसे देऊन, आणखी एक चहा पिऊन मी चालायला लागलो.

दुपार कलली तसं धुकं उतरलं. आधी समोरचा डोंगर गेला, मग मेंढ्या, मग पायाखालची वाटसुद्धा. एका गडग्याला हात लावून मी त्याच्या कडेकडेनं चालत राहिलो. भूक होतीच. पण घोर वेगळाच लागला होता. या धुक्यात चंद्र कसला दिसणार? तिनं आयुष्यात माझ्याकडे मागितलं ते हे एकच, आणि तेही माझ्या हातून निसटत होतं. मी उभा राहिलो आणि चक्क मोठ्यानं म्हणालो, "बाप्पा, मला जमत नाही. आता तूच बघ." असं मी त्याआधी कधी म्हटलं नव्हतं.

थोडं पुढे गेलो तर कुत्रा भुंकला. त्याच्यामागून टोपी घातलेला एक म्हातारा शेतकरी आला. कुठे निघालात म्हणून त्यानं विचारलं. खाली गावात, मी म्हणालो. "गाव मागं राहिलं हो," तो म्हणाला, आणि माझा दंड धरून मला घरात घेऊन गेला.

त्याच्या बायकोनं मला चुलीजवळ बसवलं आणि हॅम सँडविच पुढे केलं. आता खोटं बोलायचं त्राण नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं, बायको, बाळ, चंद्र, सगळं.  मग तिनं विचारलं, "मग तुम्हाला चालतं तरी काय?" दूध, फळं, बटाटा, मी सांगत गेलो, आणि साबुदाणा, म्हणजे सेगो. "सेगो?" ती म्हणाली. उठून तिनं ओव्हनमधून एक भांडं काढलं. नवऱ्याच्या दाढा आदल्या दिवशी काढल्या होत्या, त्याला चावता येत नव्हतं, म्हणून तिनं सेगो पुडिंग केलं होतं. आपली साबुदाण्याची खीरच ती, वर तपकिरी साय धरलेली. मी हळूच विचारलं, "यात अंडं?" "छे, दूध, साखर आणि जायफळ." जायफळ म्हटल्यावर मला रडू आलं, माझी बायकोही खिरीत तेच घालायची. त्या अनोळखी बाईसमोर मी, साठीचा माणूस, हुंदके देऊन रडलो. बायको गेल्यानंतर तोवर मी रडलो नव्हतो.

मी खीर खाल्ली नाही. नैवेद्य दाखवायचा आहे, म्हणालो. तोवर शेतकरी बाहेर डोकावून आला होता. "धुकं खालीच बसलंय. वर मोकळं असणार. चला," असं म्हणून त्यानं जीप काढली. त्याच्या बायकोनं खिरीचा वाडगा ताटलीनं झाकून मांडीवर घेतला. चढावर दहा हातांपलीकडचं दिसत नव्हतं, आणि एका वळणानंतर धुकं आमच्या खाली राहिलं. समोरच्या डोंगरामागून चंद्र नुकताच वर येत होता, किंचित कापलेला, पिवळा. मी बूट काढले. थर्मासमधलं पाणी ओंजळीत घेऊन अर्घ्य दिलं, खीर समोर ठेवून अथर्वशीर्ष म्हटलं. मधे दोनदा चुकलो, पण पुढे म्हणत राहिलो. म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात धरली होती. प्रसाद मी दोघांच्या तळहातावर दिला आणि मग स्वतः खाल्ला. बाईंनी हलकेच विचारलं, "तुमच्या मिसेसना आवडलं असतं का हो? की साखर कमी झाली?"

"अगदी बेताची आहे," मी म्हणालो.

त्यांच्या घरी परतल्यावर तिथल्याच फोनवरून लेकीला कळवलं. "झालं गं. आईचं पुरं झालं."  तिनं विचारलं, "बाबा, चंद्र दिसला?" दिसला म्हटलं. "थँक यू, बाबा," ती म्हणाली. मागे बाळ कशासाठी तरी हट्ट करत होतं.

यात चमत्कार होता की योगायोग, या वादात मी पडत नाही. मला एवढंच कळलं, की हे व्रत मला एकट्याला तडीस न्यायचं आहे असं मी उगाच मानून बसलो होतो. तिनं ते माझ्यावर सोपवलं, मी धुक्यात हात टेकले, आणि ते ज्यांनी उचललं त्यांना गणपती कोण हेही ठाऊक नव्हतं. त्या दोघांना आणि ज्यानं मला त्यांच्या दारात नेऊन सोडलं त्याला, माझा रोजचा नमस्कार असतो. हल्ली देवापुढे मी बसतो.