लेबलावर लेबल

स्वस्ताई आली म्हणून नाचणाऱ्यांनी एकदा लेबलताईंच्या दुकानात येऊन जावं. दुकान काही त्यांच्या बापाचं नाही. भांडी, मिक्सर, पंखे विकणाऱ्या त्या दुकानात अकरा वर्षं त्या मालावर किमतीची लेबलं चिकटवतात, म्हणून हे नाव.

मालकाचा नियम असा, की नवं लेबल जुन्यावरच चिकटवायचं आणि जुनी किंमत थोडी डोकावती ठेवायची. गिऱ्हाइकाला फायदा दिसला पाहिजे ना! वर्षभर दर सोमवारी किमती उतरत गेल्या आणि लेबलांचे थर चढत गेले. मग गिऱ्हाइकंही शहाणी झाली. लेबलावर अंगठा फिरवायचा आणि पातळ लागलं की वस्तू खाली ठेवायची. म्हणजे अजून उतरेल!

ताई तर त्यांना सामील. "आत्ता नका घेऊ हो, दोन सोमवार थांबा," असं हळूच कानात सांगायच्या. स्वतःही थांबल्या होत्या. आईला दात उरले नव्हते, तिला सगळं वाटून द्यावं लागे. हातानं कुस्करून कुस्करून ताईंची मनगटं भरून यायची. एक छोटा मिक्सर त्यांनी मोठ्या पातेल्यांमागे दडवून ठेवला होता. त्यावर चार लेबलं चढली होती. पाचवं चढलं की घ्यायचा.

या सोमवारी मालकानं आत बोलावलं. "पगार पाव हिश्शानं कमी करतोय. तसंही सगळं स्वस्त झालंय, भागेल तुमचं."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझं घरभाडं उतरलंय का? माझ्या घरमालकाला जाऊन सांगा ना तुमची स्वस्ताई!"

"माल हलत नाही, ताई. जो तो थांबून बसलाय. मी कुठून आणू?"

हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ताईंचा संताप आणखी वाढला. बाहेर येतात तो मास्तरीणबाई टेबलफॅनच्या लेबलावर अंगठा फिरवत उभ्या. ताईंनीच त्यांना दोनदा परत पाठवलं होतं. "थांबू ना आणखी?" त्यांनी हसून विचारलं.

"किती थांबाल?" ताई कडाडल्या. "तुम्ही थांबा, मी थांबते, सगळं गाव थांबू दे! इथं माणसांचे पगार उतरायला लागलेत! घ्यायचा तर आज घ्या, नाहीतर हात लावू नका!"

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "तुम्हीपण शेवटी मालकाच्याच झालात," म्हणाल्या आणि पंखा तिथंच ठेवून चालत्या झाल्या.

ताईंनी आजच्या नव्या किमतींची यादी उघडली. त्यात मिक्सर होता, आणि किंमतही त्यांनी मनात धरलेली तीच. पण नव्या पगारातून भाडं गेल्यावर तेवढे पैसेही उरत नव्हते. पातेली बाजूला सारून त्यांनी मिक्सर काढला, पाचवं लेबल नेहमीसारखं सरळ चिकटवलं आणि तो पुढच्या फळीवर मांडला.