‘मागणी’ हा शब्द

ठाण्याच्या एका वर्तमानपत्रात मी सोळा वर्षे परदेशी बातम्यांचे पान लावले. त्या पानांवर काय काय गेले ते आता आठवत नाही. चार शब्दांचे एक शीर्षक मात्र आठवते.

परदेशातल्या एका युद्धाचा दुसरा आठवडा चालू होता. वेढा पडलेल्या शहरात आपले विद्यार्थी अडकले होते, बहुतेक डॉक्टरकी शिकायला गेलेले. त्यांतली एक मुलगी आमच्या कल्याणच्या इमारतीतली, माझ्या खालच्याच मजल्यावरची. तिचे वडील पूर्वी मोहन्याच्या कारखान्यात होते. तो बंद पडल्यावर बाळकुमला एका संकुलात सुरक्षारक्षक म्हणून लागले. मुलगी वसतिगृहाच्या तळघरात होती. दूतावासाची सूचना होती की जिथे आहात तिथेच थांबा.

वडिलांचा टीव्हीवर विश्वास नव्हता. ‘ते नुसते बोंबलतात. पेपरात येतं ते तपासून येतं. काय ताई?’ असे ते जिन्यात भेटले की विचारत. मी हो म्हणत असे.

एका संध्याकाळी न्यूयॉर्कहून बातमी आली. युद्धाविषयीच्या ठरावावरच्या मतदानात भारत तटस्थ राहिला होता. पण आपल्या प्रतिनिधीने निवेदनात म्हटले होते की नागरिकांचे रक्षण ही सर्व बाजूंची जबाबदारी आहे आणि त्यांना शहराबाहेर पडण्यासाठी सुरक्षित मार्ग खुला करावा. मी शीर्षक दिले: ‘नागरिकांसाठी सुरक्षित मार्ग खुला करण्याची भारताची मागणी’. तीन कॉलमांत ते नीट बसले. मग एक जाहिरात आली आणि बातमीला दोनच कॉलम उरले.

‘भारत ठेव, बाकी काप,’ मुख्य उपसंपादक म्हणाले. ‘पान छपाईला सोडायचंय.’

‘मागणी निघतेय त्यातून.’

‘अगं, खाली बातमीत आहे ना मागणी? मग झालं.’

पण नवे शीर्षक त्यांनी सांगितले नव्हते. ते मी केले: ‘भारताच्या आग्रहाने सुरक्षित मार्ग’. मराठी शीर्षकाला क्रियापद लागत नाही. मार्ग खुला झाला, होणार आहे की व्हावा, यातले काहीही न सांगता ते पुरे वाटते. शीर्षक चांगले जमले असे मला तेव्हा वाटले, हेही इथे नोंदवायला हवे.

सकाळी सव्वासातला बेल वाजली. दारात मुलीचे वडील, अंगात गणवेश, हातात आमचा पेपर.

‘ताई, हे खरंय ना?’

माझ्या तोंडात ब्रश होता. शीर्षकावर त्यांचे बोट होते. ते मी पाहिले.

‘पेपरात आलंय ना काका? मग खरंच.’

दार लावताना जिन्यातून त्यांचा फोनवर बोलण्याचा आवाज ऐकू आला. ‘बाळा, निघ तू. रस्ता उघडलाय. अगं, आपल्या देशानं उघडायला लावलाय! वरच्या ताईंनीच छापलंय, आत्ता विचारून आलो.’

मी ते ऐकले आणि तोंड धुवायला गेले.

शीळफाट्याला बस अडकली तेव्हा मी पेपर उघडला. स्वतःचे शीर्षक मी पहिल्यांदाच वाचकासारखे वाचले. लगेच काकांना फोन लावला.

‘निघाली पण,’ ते म्हणाले. ‘चौघं मिळून स्टेशनकडे चाललेत. आता फोन लागत नाही, बॅटरी वाचवत असेल. का हो ताई?’

‘सहज,’ मी म्हटले.

मार्ग चार दिवसांनी खुला झाला. ती चौघे त्या सकाळी स्टेशनच्या वाटेवर असतानाच जवळ गोळा पडला होता. तिच्याबरोबरचा एक मुलगा तिथेच गेला. मुलगी आठव्या दिवशी घरी आली. तिच्या डाव्या कानाने ऐकू येणे बंद झाले होते.

आम्ही शुद्धिपत्र छापले नाही. शीर्षकात चुकीचे असे काही लिहिलेले नव्हते.

पुढच्या रविवारी बाप-लेक माझ्याकडे पेढे घेऊन आली. वडिलांनी खिशातून ते कात्रण काढले. चुरगळू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पाकिटात घातले होते. त्यांनी कापले होते ते फक्त शीर्षक नव्हते, पूर्ण बातमी होती.

‘तुमच्यामुळे निघाली ताई. नाहीतर बसली असती तळघरात.’

मुलगी माझ्या शेजारी सोफ्यावर होती. ती हळू आवाजात म्हणाली, ‘मावशी, त्या दिवशी रस्ता उघडलेलाच नव्हता ना?’

‘नव्हता,’ मी तितक्याच हळू म्हटले. ‘नुसती मागणी होती.’

‘काय? या बाजूनं नाही येत ऐकू. जरा मोठ्यानं बोला.’

मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते. उठून उजवीकडे जाता आले असते. मी तिथूनच मोठ्याने म्हटले, ‘रस्ता उघडला नव्हता. उघडा, अशी आपण मागणी केली होती.’

वडिलांनी पेढ्याचा पुडा टेबलावर ठेवला. चष्मा लावला, पाकिटातून कात्रण बाहेर काढले आणि शीर्षकाखालची बातमी वाचू लागले. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. तिसऱ्या ओळीवर ते थांबले. ती ओळ त्यांनी पुन्हा वाचली.

‘हे काय, इथे लिहिलंय की मागणी,’ ते म्हणाले. मग मुलीकडे वळले. ‘तुझ्या बापानंच नीट वाचलं नाही गं.’

मुलीने माझ्याकडे पाहिले. त्या सकाळी त्यांनी दारात येऊन मला विचारले होते, हे तिला माहीत होते. त्यांनीच तिला फोनवर सांगितले होते.

‘पुढचं वाचायला पाहिजे होतं,’ वडील पुन्हा म्हणाले. त्यांनी कात्रणाची घडी घातली, पाकिटात ठेवली आणि मला म्हणाले, ‘घ्या ना ताई, पेढा घ्या.’

मी पेढा घेतला.