दमणीघरात खाटेपुरती जागा

अमरावतीत आलो त्या वर्षी मला रोज वाटायचं, बाई आपल्यावर रागावल्या आहेत. त्या रागावलेल्या नसत, नुसत्या बोलत असत. "काऊन रे, जेवला नाहीस का अजून?" हे त्या ज्या आवाजात विचारत, त्या आवाजात आमच्या मालवणाकडे माणसं बांधावरून भांडतात. मी घाईघाईनं पानावर बसायचो आणि भूक नसली तरी दुसऱ्यांदा वाढून घ्यायचो.

मी त्यांच्याकडे ड्रायव्हर होतो. माझी शाळा सहावीतच सुटली. मुंबईत मोटारदुरुस्तीच्या एका वर्कशॉपात गाड्या धूत धूत चालवायला शिकलो. बाईंचे यजमान अमरावतीचे वकील. ते मुंबईला जुनी मोटार घ्यायला आले आणि गाडी अमरावतीपर्यंत आणून द्यायला मला सोबत घेतलं. ते परत जा म्हणाले नाहीत, मी विचारलं नाही. "मोटार विकत घेतली, हा तिच्यावर फुकट मिळाला," असं साहेब पाहुण्यांना सांगत. मला ते ऐकून बरं वाटे. फुकट मिळालेली वस्तू माणूस सहसा परत करत नाही.

मी ओसरीत झोपायचो, एकट्याला तेवढं पुष्कळ होतं. पण माघात गावी जाऊन लग्न करून आलो आणि ओसरी एकदम लहान झाली. सासूबाईंनी निघताना स्वच्छ सांगितलं होतं, वैशाखात त्यांचा मुलगा माझ्या बायकोला घेऊन येईल, आधी खोली बघेल, खोली नसेल तर आल्या पावली बहिणीला परत आणेल. सासूबाई बोलल्या ते करणाऱ्या होत्या. मेव्हणा तर न बोलताच करणारा.

चार दिवस धीर गोळा करून मी बाईंना विचारलं.

"मंग त्यात घाबरण्यासारखं काय हाये?" बाई म्हणाल्या. "दमणीघरात मागं राहा दोघं. जागा तुझी तू कर. पण दोन गोष्टी ऐक. मोटार बाहेर उभी राहायची नाई, उन्हानं रंग उडते. अन् माझं काही फेकायचं नाई."

दमणीघर म्हणजे आमचं गॅरेज. साहेबांच्या वडिलांच्या काळात तिथं दमणी असायची, म्हणजे माणसांना बसायची, वर कमानीचं छत असलेली हलकी बैलगाडी. मोटार आली तशी दमणी मागे सरकली, आणि तिच्या भोवती, खाली, वर, पोटात घरातलं सगळं जमा झालं. लांबलचक पत्र्याची जागा ती, पण मोटार आत घातली की मला दाराकडून अंग चोरून बाहेर पडावं लागे. गव्हाचे डबे, म्हशीच्या सरकीची पोती, उन्हाळ्यात दारांना लावायच्या खसाच्या ताट्या, लग्नाकार्याची पातेली, बिनचाकाची सायकल, लोणच्याच्या बरण्या, गुळाच्या भेल्या, पाळणा, रोडगे भाजायला साठवलेल्या गोवऱ्या. निम्म्या वस्तू शेजाऱ्यांच्या होत्या. "तुमच्याकडे जागा हाये, राहू द्या," म्हणून जे एकदा आत येई, त्याला बाहेरची वाट ठाऊक नसे.

फेकायचं नाही म्हटल्यावर मला एकच उपाय माहीत होता. आमच्याकडे जमिनीला ओल, मुंग्या आणि उंदीर. त्यामुळे जपायची वस्तू कोकणातला माणूस वर टांगतो. मी बांबू आणले, पत्र्याखालच्या लोखंडी आडव्या कांबींना बांधून माळा केला, सुंभाची शिंकी विणली आणि होतं नव्हतं ते वर चढवलं. ताट्या वर, पाळणा वर, पातेली वर, बरण्या वर, गूळ वर. जमीन दिसायला लागली. बाई दारात उभं राहून बघत होत्या.

"डोकं हाये रे तुले," त्या म्हणाल्या. त्या दिवशी मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं ते भीतीनं नाही, भूकच तेवढी लागली होती.

पाडव्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. साहेबांना कोर्टात सोडायला मी मोटार बाहेर काढली. खिडक्या रात्रभर उघड्याच होत्या. मागच्या सीटवर काहीतरी ओलं चमकलं, पण उशीर झाला होता. साहेब कागद वाचत बसले आणि कोर्टापाशी उठले तेव्हा काळ्या कोटासोबत सीटचं कापडही थोडं वर आलं. पत्र्याखाली कोकणातला गारवा नसतो हे मला सुचलंच नव्हतं. आदल्या दुपारी तापलेल्या पत्र्यानं भेल्या पाघळल्या होत्या आणि शिंक्यातून रात्रभर धार लागून मोटारीच्या टपावर, तिथून खिडकीतून आत. साहेब तसेच कोर्टात उभे राहिले. माश्यांनी त्यांची पाठ सोडली नाही. संध्याकाळी ते म्हणाले, "समोरचे वकील म्हणत होते, आज तुमची बाजू फार गोड वाटून राहिली."

मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी बाजूला होत म्हटलं, "आधी हात धू."

बाईंनी मात्र ही गोष्ट गल्लीभर केली. "आमच्याकडे लोक उन्हाळ्यात गूळ थंडाव्याला लपवतील, अन् हा कोकण्या त्याले सूर्याच्या जवळ नेऊन टांगून राहिला." गूळ खाली आला, बरण्या आल्या, तेलाचे डबे आले. वर ताट्या, पातेली आणि पाळणा एवढंच उरलं. चैत्र निम्मा सरला होता आणि मागे एक माणूस उभा राहील इतकीच जागा होती. उभ्या माणसापुरती खोली बघून मेव्हणा समाधान पावला नसता.

आता उरली दमणी. ती हलली तर खाट, चूल, पेटी, सगळं बसत होतं. पण साहेब म्हणाले, "ती माझ्या एकट्याची नाही. आक्कांना विचारावं लागेल. मी विचारणार नाही. तू विचार."

आक्का त्यांची मोठी बहीण, अकोल्याला दिलेली. त्या याच दमणीतून सासरी गेल्या होत्या. साहेब कोर्टात कोणालाही उलटतपासणीला घेत, पण आक्कांसमोर त्यांचा आवाज बसे. साहेबांचं अकोल्याला काम निघालं तेव्हा मी त्यांना कचेरीपाशी सोडलं आणि मोटार आक्कांच्या दारी नेली. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत वाक्य पाठ करत होतो, ते दारातच विसरलो.

"कोण? मोटारीवाला कोकण्या का? गूळवाला?" आक्का म्हणाल्या. म्हणजे बातमी अकोल्यापर्यंत पोचली होती. "ये, बस. काय निरोप हाये भावाचा?"

"साहेब म्हणाले, आक्कांची हरकत नसेल तर दमणी..."

"त्याले सांग, हरकत हाये."

मी पाण्याचा पेला उचलला आणि तोंडाला लावून ठेवला. त्यात पाणी नव्हतं, ते आधीच संपलं होतं.

"अन् दमणी तुले काऊन नडते?" त्यांनी विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. लग्न, सासूबाई, मेव्हणा, बाईंच्या अटी. आक्का शेंगा सोलत ऐकत होत्या.

"बायकोजवळ राहिला किती दिवस?"

"पाच-सहा."

"बोलली का तुझ्याशी?"

"थोडीशी."

"मंग तिले इथं आणून काय करशीन? बोलायले जागा पायजेन म्हणतोस?" आणि हसल्या. जेवू घातलं, मग आत जाऊन लुगडं बदलून पिशवी घेऊन बाहेर आल्या. "चाल. मीच पाहते."

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर भाऊ-बहीण शेजारी बसले होते. साहेबांनी अकोल्याचा नाका यायच्या आत डोळे मिटून घेतले. ते झोपले नव्हते, घोरण्याचं सोंग त्यांना जमत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांनी दमणी मोकळी करवली. चाकं काढून भिंतीला टेकवायला लावली, जू आणि दांडी माळ्यावर चढवायला लावली. "हे टांग, हे पाघळत नाई." उरला नुसता साटा, म्हणजे माणसं बसतात ती खोलगट पेटी, आणि वरची कमान. ती आम्ही मागच्या भिंतीशी विटांच्या चार थरांवर ठेवली. आक्का त्यात चढून ऐसपैस बसल्या.

"घे. पलंग झाला. यात मी, माझी नणंद अन् फराळाचे डबे, इतकं गेलो होतो अकोल्यापर्यंत. तुमी दोघं मावत नाई का? पाय लांब केले तर गाडीवानाची फळी जोड. खाली गव्हाचे डबे सरकव. कमानीले मच्छरदाणी बांध." मग साहेबांकडे बघून, "माझी दमणी घरातच राहिली. अन् तुले हे सुचलं नाई, एवढा शिकला तरी."

"तुला विचारल्याशिवाय कसं सुचणार?" साहेब म्हणाले.

मला तर ती महिनाभर अडगळच दिसली होती. साट्याखाली डबे गेले, पुढे चूल आणि पेटी बसली, आणि मोटार आत घेतली तरी मधे चालायला वाट राहिली. मी ती वाट दिवसातून कितीतरी वेळा चालून बघायचो. मागची भिंत मी चुन्यानं रंगवली होती, तिच्यावरून हात फिरवायचो. मेव्हणा काय म्हणेल हे मात्र भिंत सांगत नव्हती.

वैशाखात साहेबांनी मला मोटार घेऊन बडनेऱ्याला पाठवलं. आगगाडीतून दोघं उतरली, धुरानं काळी झालेली. बायको मोटारीत मागे बसली आणि वाटभर खिडकीबाहेरची काळी, नांगरून पडलेली रानं बघत राहिली. मेव्हणा माझ्या शेजारी, पिशवी मांडीवर धरून.

दमणीघराचं दार उघडलं. आधी मोटार आत घेतली, मग मधल्या वाटेनं त्यांना मागे नेलं. बायकोनं कमान बघितली, साटा बघितला, भिंतीशी टेकलेली चाकं बघितली.

"आणि बैल खंय?" तिनं विचारलं.

मला हसू येईना. मेव्हणा पत्र्याकडे बघत होता. दुपारचे तीन असतील. आत भट्टी लागली होती. त्यानं खांद्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. "हय झोपतलात?" एवढंच म्हणाला. मी होय म्हटलं आणि त्याच्या नजरेत परतीची गाडी दिसली.

संध्याकाळी बाईंची हाक आली. तीच ती, बांधावरच्या भांडणाची. "अरे, त्या पोरीले आत काऊन कोंडून ठेवलं? उन्हाळ्यात आत कोणी झोपते का? खाटा काढ सगळ्या."

गेले काही दिवस घरातली माणसं अंगणात झोपत होती, पण तो मला मालकांचा शौक वाटला होता. तसं नव्हतं. वऱ्हाडात वैशाखात सगळेच बाहेर झोपतात. अंगणात पाणी शिंपडलं होतं. एका अंगाला बायकांच्या खाटा लागल्या, त्यात बाईंनी आपली आणि थोरल्या मुलीची यांच्या मधोमध माझ्या बायकोची लावली. दुसऱ्या अंगाला साहेब, त्यांच्या शेजारी मेव्हणा, पलीकडे मी. मी इतकं खपून केलेल्या जागेत त्या रात्री मोटार एकटी झोपली.

मेव्हणा आधी खाटेच्या कडेवर अवघडून बसला होता. साहेबांनी त्याला नारळाच्या बागेचा भाव, होडीचं लाकूड, समुद्राचं वारं असं एकेक विचारायला सुरुवात केली, आणि तो न बोलणारा माणूस बोलत सुटला. पलीकडून बायकांचं हसणं येत होतं. बाई गुळाची गोष्ट सांगत असाव्यात. त्यात माझ्या बायकोचा आवाज होता. लग्नानंतर मी तिला हसताना प्रथमच ऐकलं, तेही तीन खाटा पलीकडून.

सकाळी मेव्हण्यानं पिशवी भरली. एकट्याचीच.

"आवशीक सांगतंय, ती हय बरी आसा," तो बडनेऱ्याच्या फलाटावर म्हणाला. आवस म्हणजे आई, माझ्या सासूबाई. खोलीचं नाव त्यानं काढलं नाही. मीच न राहवून विचारलं, खोलीबद्दल काय सांगशील? त्यानं विचार केला. "मोठी आसा म्हणून सांगतंय. पाच-धा खाटी मावतत."

गाडी हलली. मी हात हलवत उभा राहिलो, डोळे भरून आले होते. मोटारीशी पोचलो तेव्हा लक्षात आलं, इतकी मोठी खोली म्हटल्यावर सासूबाई ती बघायला येणार, आणि त्या काही उन्हाळ्यातच येतील असं नाही. घरी येऊन मी थेट दमणीघरात गेलो. बायको साट्यात बसून मच्छरदाणी शिवत होती. तिला म्हटलं जरा पाय वर घे, आणि सरकीची पोती कुठं हलतात का ते बघायला लागलो.