मागच्या सीटवरचं वजन

संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळांचे दिवस. घरातला पहिला बी.ए. म्हणून मी ऐटीत जुनी मोटार घेतली. मागच्या स्प्रिंगांच्या टोकांना बसवलेली रबरी बुशं झिजल्याने ती खडखडायची. वडील तिच्यात बसेनात. म्हणायचे, "गिरणीत जन्मभर खडखडच ऐकली."

परळच्या एका मिस्त्रीने नवी बुशं घातली, पण नट आवळायला तयार होईना. कानामागची विडी चाचपत म्हणाला, "मागं माणूस बसवा. रिकाम्या गाडीत आवळलं तर मग वजन पडताच रबर पिळून फाटतं."

मीच मागं बसायला गेलो.

"तुम्ही चालवणार. मागं बसणारा आणा. एवढं शिकलात ना?"

काम आहे म्हटल्यावर वडील मागं येऊन बसले. मिस्त्रीने नट आवळले, तरी वडील उतरेनात.

"गिरगावपर्यंत ने," मला म्हणाले. "नीट आवळलंय का बघू."