लेकराबद्दलचं पहिलं बोलणं

आमच्या घरात लेकरू जन्मलं की डॉक्टरीणबाईंनंतर मलाच बोलावतात. तान्ह्या लेकराच्या कानाची वरची कड ज्या रंगाची, तोच रंग पुढं कायम राहतो, असं आमच्याकडं मानतात. ती कड बघून निकाल देण्याचं काम माझ्याकडं आहे. निम्मे निकाल चुकलेत, पण चुकलेले कोण लक्षात ठेवतं? मी तर नाहीच. आणि निकाल देणारी मी स्वतः तव्याच्या बुडासारखी काळी!

मागच्या उन्हाळ्यात जवळच्या गोरेगावची आमची भाची हिंगोलीच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. मी डिंकाचे लाडू घेऊन पोचले, हात धुतले, चष्मा चढवला. खाटेजवळ माझी ताई, म्हणजे भाचीची आई, आणि भाचीच्या सासूबाई माझीच वाट बघत होत्या.

"बघा बरं, रंग कसा निघल," विहीणबाई हसून म्हणाल्या. "आईवर नाही गेली म्हंजे झालं."

मी वाकले. भाचीनं लेकराचं टोपडं खाली ओढलं आणि त्यावर हात ठेवला. सलाईनची सुई टोचलेला हात.

"मावशी, बाकी काहीबी बघ. कान न्हाई."

"अगं, नुसतं बघूनच तर राहिले. कान खाऊन राहिले का?"

"शाळेपासून लग्नापर्यंत सगळ्यांनी आधी माझा रंगच बघितला. हिच्याबद्दल पहिलं बोलणं तेच नको."

"सासूबाईंसमोर काहून बोलतीस असं!" ताई दबक्या आवाजात म्हणाली. विहीणबाई मात्र माझ्याकडं बघत होत्या. निकाल मलाच द्यायचा होता.

"विहीणबाई," मी म्हणाले, "मी एवढी काळी, पण आजवर कुठं अडलं न्हाई. लग्नाच्या फोटोत नीट दिसत न्हाई एवढंच, अन् ती तकलीफ माझी न्हाई, फोटोवाल्याची. अन् लेकरू आईवर जाऊ द्या की. आई चांगली हाय."

विहीणबाईंनी पिशवीतला लाडू घेतला.

भाचीनं लेकरू उचलून माझ्या मांडीवर दिलं. मला आजवर कुणी अडवलंच नव्हतं. हिनं अडवलं, आणि तरी लेकरू माझ्याच हातात सोपवलं. हे उपकार मी विसरणार नाही.

पण आता पंचाईत झाली. रंग सोडून तान्ह्या लेकराबद्दल बोलायचं काय? हातपाय बघून शेवटी म्हणाले,

"नखं लई वाढलीत गं हिची."

भाची हसली. मग कूस बदलून बिनघोर झोपली.