ताटातली तुकडी

सासऱ्यांना ब्लडप्रेशर निघालं आणि घरात मी पोलीस झाले. डॉक्टर म्हणाले होते, म्हातारपण धड जायला हवं असेल तर भात अर्धा, मीठ चिमटीभर, खोबरं आणि तळण बंद. कोकणातल्या माणसाला खोबरं बंद म्हणजे काय, ते डॉक्टरांना कोण सांगणार? मालाडच्या आमच्या दोन खोल्यांत मी वाटीने मोजून भात वाढायला लागले. मनोरीहून येणाऱ्या मासेवालीकडून बांगडा घ्यायचे, तो उकडायचे आणि त्यांना एकच तुकडी द्यायचे. चक्कर येते का, डोकं दुखतं का, असं दिवसातून दहादा विचारून त्यांचं डोकं मीच उठवलं असेल. काय करू? माझे वडील सकाळी चहा पिता पिता गेले होते. ती धास्ती मनातून जाईना.

सासूबाई नवऱ्याच्या ताटात जेवायच्या. ते उठले की त्याच ताटावर बसायच्या. नवीन लग्न झालेलं तेव्हा मला ते कसंसंच वाटायचं. मग एकदा दिसलं, सासरे मधली जाड तुकडी भाताखाली झाकून सासूबाईंसाठी ठेवतात. त्यावर दोघंही कधी चकार शब्द बोलले नाहीत.

पथ्याला चार-पाच महिने झाले आणि धुणं धुताना सासूबाईंच्या हातातलं काकण घसरून मोरीत पडलं. साबण लावून चढवायला लागायची ती काकणं. त्या पांढऱ्याफटक पडल्या.

"ह्यांका बरा आसा ना गो?" मला म्हणाल्या.

सवाष्णीच्या हातातून काकण गळलं म्हणजे नवऱ्यावर काही येणार, हेच डोक्यात. खोटं कशाला बोलू, मीही घाबरले. तशीच दोघांना घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरांनी सासऱ्यांचं प्रेशर बघितलं, म्हणाले, छान उतरलंय. मग दाराशी उभ्या सासूबाईंकडे बघून म्हणाले, "ह्या एवढ्या का वाळल्यात? काय जेवतात?"

सासऱ्यांच्या पोटात गेलेलं शीत न् शीत मला ठाऊक होतं. सासूबाईंसमोर मी रोज बसून जेवत होते आणि त्यांचं मला काही ठाऊक नव्हतं. अर्ध्या भातात उरणार काय? भुकेला माणूस तुकडीसकट सगळं संपवून उठायचा. सासूबाई त्या ताटात मूठभर भात घ्यायच्या, त्यावर ताक ओतायच्या, की झालं जेवण.

घरी आल्यावर मी चिडले. जास्त स्वतःवरच. वरून वाढून का नाही घेतलंत, विचारलं.

"ह्यांका चलना नाय, ता माका कित्याक?"

वेगळं ताट घ्या म्हटलं, तर ऐकतील तर शपथ. शेवटी दुसऱ्या दिवशी दुपारी मी सासऱ्यांच्याच ताटात दुप्पट भात आणि दोन तुकड्या वाढल्या. स्पष्ट सांगितलं, "बाबा, अर्धं तुमचं, अर्धं आईंचं. त्या तुमच्याच पथ्यावर आहेत." महिनोन्महिने अर्धपोटी राहिलेला माणूस, समोर दोन तुकड्या. हात आवरेल का?

ते जेवून उठले. सासूबाई बसल्या, त्यांनी भात बाजूला सारला. खाली दोन्ही तुकड्या होत्या.

मी रागवायला म्हणून मोरीकडे गेले. सासरे पाठ करून हात धूत होते, आणि त्यांचं हात धुणं काही संपेना.