झोळी आणि दार

लग्नानंतर मी सांगलीला आले आणि जावेबरोबर कापसाच्या जिनात कामाला लागले. साठ सालानंतरची गोष्ट. पलीकडच्या खोलीत सरकी काढायची यंत्रं, अलीकडे गोदाम. गोदामात आम्ही बायका कापसातला कचरा वेचायचो. मधल्या भिंतीत, लाकडावर पत्रा मारलेलं एक जाड दार होतं. ते बाजूला सरकणारं; उतरत्या लोखंडी पट्टीवर ते दोरीनं उघडं अडवून धरलेलं असे. दोरीत मध्येच शिशासारख्या मऊ धातूचा तुकडा होता. आग लागली की तो वितळणार आणि दार आपोआप घरंगळून बंद होणार. पण बंद झालेलं ते आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. आमच्या लेखी ती भिंतच.

जावेनं तान्ह्या लेकीची झोळी तिथं बांधली. एक टोक दाराच्या मुठीला, दुसरं खांबाला. तिथं वारा यायचा.

मुकादम म्हणाला, "आवं वैनी, दार हाय ते. पाळणा न्हाई."

"मग तुमच्या मिशीला बांधू व्हय?" जाऊ म्हणाली.

आम्ही हसलो. तोही हसला आणि गेला.

एका दुपारी कापसाबरोबर खडा यंत्रात गेला, ठिणगी पडली आणि कापसानं पेट घेतला. तिकडची माणसं त्यांच्या बाजूनं बाहेर पळाली. दार घरंगळलं आणि अर्ध्यावर अडकलं. झोळी ताणली गेली, पोरगी आत आवळली, धूर आमच्याकडं येऊ लागला. जावेला गाठ सुटेना. मी दाराला खांदा लावून ते मागं रेटलं. पत्रा तापला होता. झोळी सैल पडली तशी जावेनं लेक काढली, दुसऱ्या बाईनं गाठ सोडली. मी बाजूला झाले आणि दार धाडकन बसलं. आम्ही मागनं अंगणात आलो.

यंत्रांची खोली छपरासकट गेली. गोदामाला काही झालं नाही. पत्र्याच्या आत वारा जात नाही म्हणून लाकूड नुसतं कोळपतं, असं फिटरनं सांगितलं. बायका म्हणाल्या, देवानं वाचवलं. मला ते पटलं नाही. दार करणाऱ्यानं आगीचा विचार केला होता. कामाला येणारी बाई लेकरू कुठं ठेवणार, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

काम पुन्हा सुरू झालं. जाऊ लेकीला घेऊनच आली, घरी बघायला कोण होतं? मुकादमानं दारापासून लांबच्या तुळईला लोखंडी कडी ठोकून ठेवली होती. ती दाखवायला तो मुद्दाम थांबला.

जाऊ म्हणाली, "ही आधी का न्हाई ठोकली?"

तिनं कडीला झोळी बांधली आणि कापसाजवळ येऊन बसली.